मोशे फेल्डनक्राइस : मान, डोळे आणि खांदे यांना पुन्हा शिकवणारा शास्त्रज्ञ

विद्यार्थी मित्रांनो, आजचा पाठ सुरू करण्याआधी एक छोटी गोष्ट करून बघा. खुर्चीत आहात तसेच बसा. मान हळूच उजवीकडे वळवा, जेवढी सहज वळेल तेवढीच. ताणायची नाही. नजर जिथे पोचली तिथली एखादी खूण लक्षात ठेवा. खिडकीची कड, भिंतीवरचा खिळा, काहीही चालेल. आता पुन्हा समोर बघा. ती खूण विसरू नका, आपल्याला नंतर तिचं काम आहे.

शाळेत कवायतीला आपण सगळ्यांनीच मानेचे व्यायाम केलेले आहेत. सर शिट्टी वाजवतात, एक म्हटलं की मान उजवीकडे, दोन म्हटलं की समोर. मान जोरात वळली, खांदे घट्ट राहिले की व्यायाम चांगला झाला असं आपल्याला वाटतं. पण एक माणूस असा होऊन गेला की ज्याने हे सगळं उलटं सांगितलं. हळू करा, कमी करा, जोर लावूच नका, आणि करताना नेमकं काय होतंय तिकडे लक्ष द्या. हा माणूस ना वैद्य होता, ना योगगुरू. तो इंजिनिअर होता, भौतिकशास्त्राचा संशोधक होता आणि ज्युदोतला ब्लॅक बेल्ट होता. त्याचं नाव मोशे फेल्डनक्राइस. आज त्यांचं चरित्र पाहू.

बालपण आणि लांबचा प्रवास

मोशे यांचा जन्म ६ मे १९०४ रोजी स्लावुता या गावी झाला. हे गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज ते युक्रेनमध्ये आहे. घराणं ज्यू, धार्मिक परंपरेचं. मोशे लहान असतानाच कुटुंब बारानोविची या गावी राहायला गेलं, ते आज बेलारूसमध्ये येतं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि युद्धाची आघाडी थेट या गावापर्यंत येऊन ठेपली. तोफांचे आवाज ऐकतच हे पोरगं मोठं झालं म्हणायचं.

युद्ध संपलं तेव्हा मोशे चौदा वर्षांचा होता. त्या वयात आपल्याकडे मूल आठवी-नववीत असतं. या मुलाने ठरवलं की आपण पॅलेस्टाईनला जायचं. आईवडील मागे राहिले आणि हा एकटा निघाला. हिवाळ्याचे दिवस, बराचसा रस्ता पायी. वाटेत त्याच्यासारखीच घर सोडून निघालेली मुलं-माणसं येऊन मिळत गेली आणि हळूहळू तांडाच तयार झाला. इटलीच्या किनाऱ्यावरून जहाज पकडून १९१९ मध्ये हा मुलगा पॅलेस्टाईनला पोचला. घरच्यांची भेट त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली.

तिथे पोचून शाळेत गेला असेल असं तुम्हाला वाटेल, पण नाही. आधी बांधकामावर मजूर म्हणून काम केलं. तेल अवीव शहर तेव्हा नुकतं उभं राहत होतं, हाताला काम भरपूर होतं. काही वर्षं अशी घाम गाळण्यात गेली आणि मग तो पुन्हा शाळेत बसला. हर्झलिया जिम्नॅशियम या शाळेतून १९२५ मध्ये, म्हणजे एकविसाव्या वर्षी, त्याने शालेय शिक्षण पूर्ण केलं. पोटासाठी ब्रिटिशांच्या भूमापन खात्यात नकाशे काढण्याची नोकरी केली. आणि आमच्यासारख्या शिक्षकांना आवडेल अशी एक गोष्ट म्हणजे, इतर शिक्षकांनी हात टेकलेल्या मुलांच्या शिकवण्याही तो घेत असे.

चाकू आणि हाताची उसळी

त्या काळात तिथे दंगली, मारामाऱ्या नेहमीच्या होत्या. मोशे आणि त्याचे मित्र स्वसंरक्षणासाठी जुजुत्सू शिकले. पण त्यात एक अडचण लक्षात आली. वर्गात शिकलेला डाव प्रत्यक्ष चाकू समोर आला की आठवतच नाही. माणूस गोंधळतो आणि शरीर आपलं आपणच काहीतरी करून बसतं.

आता इथे या माणसाची खरी बुद्धी दिसते. त्याने विचार केला, शरीर आपोआप जे करतं तेच डावाची सुरुवात का असू नये? त्याने लोकांवर अचानक हल्ल्याचा आव आणून त्यांचे फोटो काढले. प्रत्येक जण पहिल्या क्षणी हात कसा वर उचलतो, मान कशी आत ओढतो, अंग कुठे वळवतो, हे त्या फोटोंतून तपासलं. मग त्या नैसर्गिक उसळीलाच जोडून पुढचा बचाव बसवला. म्हणजे माणसाच्या सवयीशी भांडायचं नाही, तिच्यावरच नवीन शिक्षण उभं करायचं. या विषयावर त्याने हिब्रू भाषेत पुस्तकही लिहिलं. पुढे आयुष्यभर त्यांनी जे शिकवलं त्याचं बी मला इथेच पडलेलं दिसतं.

१९२९ साली मात्र एक घटना घडली जिने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरवली. फुटबॉल खेळताना त्यांच्या डाव्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. गुडघा काही महिन्यांनी बरा वाटू लागला, पण पूर्ण बरा कधीच झाला नाही. या गुडघ्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

पॅरिस : प्रयोगशाळा आणि ज्युदो

१९३० मध्ये ते पॅरिसला गेले. तिथे यांत्रिक आणि विद्युत अभियांत्रिकीची पदवी १९३३ मध्ये मिळवली. नंतर सॉर्बोन विद्यापीठात भौतिकशास्त्राचं संशोधन सुरू केलं आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांच्या प्रयोगशाळेत काम करू लागले. हे जोलिओ म्हणजे मेरी क्युरींचे जावई. त्यांना व त्यांच्या पत्नी आयरिन यांना १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे मोशे अगदी मोठ्या शास्त्रज्ञांच्या सहवासात होते.

१९३३ मध्येच पॅरिसला एक पाहुणे आले, ज्युदोचे जनक जिगोरो कानो. कानो स्वतः शिक्षक होते आणि ज्युदो हे त्यांच्या दृष्टीने मारामारीचं नव्हे तर शिक्षणाचं साधन होतं. मोशेंनी आपलं पुस्तक त्यांना दाखवलं. फोटोंवरून बसवलेला तो चाकूचा बचाव पाहून कानोंना या तरुणाबद्दल कुतूहल वाटलं. त्यांनी मोशेंना ज्युदो शिकण्यासाठी व फ्रान्समध्ये त्याचा प्रसार करण्यासाठी प्रोत्साहन दिलं. मोशेंनी ब्लॅक बेल्ट मिळवला, पॅरिसमध्ये क्लब काढायला पुढाकार घेतला, पुस्तकं लिहिली. आज फ्रान्स ज्युदोत जगातल्या पहिल्या काही देशांत आहे. त्याच्या पायाभरणीत या माणसाचा वाटा आहे.

ज्युदोने त्यांना एक मूलभूत गोष्ट शिकवली. ताकद लावणारा माणूस जिंकतोच असं नाही. ज्याचं डोकं मोकळं फिरतं, ज्याचं वजन मांडीतून, कमरेतून सहज सरकतं, तो लहान असला तरी मोठ्याला पाडतो.

युद्ध, पाणबुड्या आणि निसरडा डेक

जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसच्या दारात आलं. ज्यू माणसाने तिथे थांबणं म्हणजे मरणच होतं. पत्नी योना यांना घेऊन मोशे शेवटच्या दिवसांत फ्रान्समधून निसटले आणि इंग्लंडला पोचले. पुढे ब्रिटिश नौदलासाठी स्कॉटलंडमधल्या फेअरली या किनाऱ्यावरच्या गावी त्यांनी संशोधन केलं. काम होतं पाण्याखालच्या शत्रूच्या पाणबुड्या ध्वनिलहरींनी शोधून काढण्याचं.

या कामासाठी बोटींवर, पाणबुड्यांवर जावं लागे. ओला, निसरडा, हलणारा डेक आणि जुना दुखरा गुडघा! गुडघा सुजू लागला, चालणं अवघड झालं. डॉक्टरांना दाखवलं तर त्यांनी शस्त्रक्रिया सुचवली, पण यशाची शक्यता निम्मी-निम्मी सांगितली. यशस्वी झाली नाही तर पाय कायमचा अधू.

आता तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं? चाळिशीच्या आसपासचा माणूस, ज्युदोवर जीव, आणि हातात नाणेफेकीसारखा निर्णय. मोशेंनी शस्त्रक्रिया नाकारली. हा निर्णय बरोबरच होता असं मी म्हणणार नाही. आज गुडघ्याच्या शस्त्रक्रिया खूप सुधारल्या आहेत आणि डॉक्टरांनी सांगितलेलं टाळणं हा काही आदर्श नव्हे. पण त्यांनी नाकारून गप्प बसणं पसंत केलं नाही. शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र, बालविकास असं मिळेल ते वाचायला घेतलं आणि स्वतःच्याच पायावर अभ्यास सुरू केला. तासन्‌तास जमिनीवर पडून एक छोटी हालचाल शेकडो वेळा करायची आणि गुडघ्याचं दुखणं कोणत्या क्षणी, कशामुळे सुरू होतं ते शोधायचं.

त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट याच संदर्भात नेहमी सांगितली जाते. एकदा ते दुखऱ्या पायाला जपत चांगल्या पायावर उड्या मारत चालले होते. तेवढ्यात तेलकट जागेवरून पाय घसरला आणि चांगला गुडघाही दुखावला. आता दोन्ही पाय गेले, उद्यापासून अंथरूणच, या काळजीत ते झोपले. सकाळी उठून बघतात तर काय, कित्येक वर्षं भार न घेणारा जुना दुखरा पाय आता भार घेत होता! गुडघ्याच्या आतली मोडतोड रात्रीतून दुरुस्त होणं शक्य नव्हतं. मग बदललं काय? त्यांनी ताडलं की बदल मेंदूच्या हुकमात झाला असला पाहिजे. पायाला जपायची जी जुनी सवय मज्जासंस्थेने धरून ठेवली होती, ती नवी गरज पडताच सुटली. म्हणजे आपल्या हालचालीतली बरीचशी अडचण हाडात किंवा स्नायूत नसते, सवयीत असते. आणि सवय शिकलेली असते, म्हणून ती बदलता येते.

फेअरलीला त्यांनी सहकारी शास्त्रज्ञांना या विषयावर व्याख्यानं दिली. त्यातूनच १९४९ मध्ये त्यांचं शरीर आणि प्रगल्भ वर्तन या विषयावरचं इंग्रजी पुस्तक आलं.

मान इतकी महत्त्वाची का?

इथे थोडं विज्ञान समजून घेऊ, कारण फेल्डनक्राइस हे शेवटपर्यंत भौतिकशास्त्रज्ञच राहिले.

माणूस उभा असतो तेव्हा तो एका उंच, अरुंद खांबासारखा असतो. असा खांब स्वतःभोवती फिरवायला फार कमी शक्ती लागते. फिरकी घेणारा नर्तक हात अंगाशी घेतो की वेग वाढतो, हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं असेल, तत्त्व तेच. चार पायांच्या प्राण्याला गर्रकन मागे वळायला जो खटाटोप करावा लागतो तो माणसाला लागत नाही. आणि ही वळण्याची सुरुवात कुठून होते? डोक्यापासून. डोळे, कान, नाक ही दूरची खबर देणारी सगळी इंद्रियं डोक्यात आहेत. तोल सांभाळणारं यंत्रही कानाच्या आतच आहे. मागून हाक आली की आधी डोळे वळतात, मग डोकं, मग खांदे, छाती, कंबर आणि शेवटी पाय. सगळं शरीर नजरेच्या मागे जातं.

हे खोटं वाटत असेल तर स्वतः तपासा. दोन्ही हातांची बोटं मानेच्या मागे, कवटीच्या अगदी खाली ठेवा. डोकं मुळीच हलवू नका, फक्त डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवा. बोटांखाली बारीकशी हालचाल जाणवेल. डोकं जागचं हललं नाही तरी मानेचे छोटे स्नायू डोळ्यांबरोबर तयारीला लागतात. डोळे आणि मान यांची ही जोडी जन्मापासूनची आहे. तान्ह्या बाळाचं बघा ना. पोटावर पडलेलं बाळ खुळखुळा बघायला डोळे वळवतं, त्यामागे डोकं उचलतं, नजर आणखी पुढे गेली की खांदा वळतो आणि एक दिवस बाळ स्वतःच्या नकळत पालथ्याचं उताणं होतं. कोणी त्याला एक-दोन-तीन म्हणत शिकवलेलं नसतं.

मोठेपणी मात्र ही साखळी गोठते. दिवसभर वहीत, फळ्यावर, आता तर मोबाईलवर नजर खिळलेली. डोळे एका जागी बांधले गेले की मान बांधली जाते, खांदे कानाकडे चढतात, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. रस्ता ओलांडताना म्हातारी माणसं मान न वळवता अख्खं अंग वळवतात, ते पाहिलंय ना तुम्ही?

मग हळू आणि कमी का करायचं? त्यामागेही शास्त्र आहे. एकोणिसाव्या शतकात वेबर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की फरक जाणवण्यासाठी तो मूळ भाराच्या ठराविक प्रमाणात असावा लागतो. पाठीवर चाळीस किलोचं पोतं असेल तर त्यात कोणी मूठभर धान्य टाकलं तरी हमालाला कळणार नाही. हातात नुसतं पीस असेल तर त्यावर बसलेली माशीसुद्धा कळेल. व्यायाम करताना आपण जोर लावतो म्हणजे पोतं उचलतो. मग मान कुठे अडखळते, श्वास कुठे रोखला जातो, हे बारीक फरक कळणार कसे? आणि कळलेच नाहीत तर मेंदू सुधारणा कशात करणार? म्हणून फेल्डनक्राइस ताणण्याला, दुखेपर्यंत करण्याला सक्त विरोध करत.

तेल अवीवमधले वर्ग

१९५० च्या सुमारास ते इस्रायलला परतले. काही काळ तिथल्या लष्कराच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे प्रमुख होते. पण १९५४ च्या सुमारास त्यांनी शास्त्रज्ञाची पक्की नोकरी सोडली आणि पूर्ण वेळ लोकांना हालचाल शिकवायला लागले. पन्नास वर्षांचा, डॉक्टरेट मिळवलेला भौतिकशास्त्रज्ञ जमिनीवर सतरंज्या अंथरून लोकांना कुशीवर वळायला शिकवतोय, हे अनेक जुन्या सहकाऱ्यांना पटणं कठीणच होतं.

त्यांच्या कामाचे दोन भाग होते. एकात ते एकाच माणसाला टेबलावर झोपवून हाताच्या हलक्या स्पर्शाने त्याच्या हालचालीला वाट दाखवत. दुसऱ्यात मोठा वर्ग असे. तेल अवीवच्या अलेक्झांडर यानाई रस्त्यावर वर्षानुवर्षं हे वर्ग चालले. तिथल्या ५०० हून अधिक पाठांचं ध्वनिमुद्रण झालेलं आहे. या वर्गाचं वैशिष्ट्य म्हणजे शिक्षक स्वतः काहीही करून दाखवत नसे. फक्त शब्दांनी सांगायचं. कारण करून दाखवलं की मुलं नक्कल करतात, स्वतःच्या अंगात काय चाललंय ते शोधत नाहीत. हे वाचल्यापासून फळ्यावर उदाहरण सोडवून दाखवताना माझाही हात थोडा थांबतो.

त्यांच्या शिष्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध म्हणजे इस्रायलचे पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन. त्यांना पाठदुखीचा त्रास होता. फेल्डनक्राइस यांच्याकडे शिकायला लागल्यावर १९५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर शीर्षासन करतानाचा त्यांचा फोटो जगभर गाजला. तेव्हा त्यांचं वय सत्तर होतं! व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांचं नावही त्यांच्याकडे शिकलेल्यांत घेतलं जातं. हेच मेन्युहिन पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार गुरुजींचेही शिष्य होते. व्हायोलिन म्हणजे हनुवटी आणि खांदा यांच्यात वाद्य धरून तासन्‌तास वाजवणं. मान आणि खांदा मोकळे ठेवण्याची गरज अशा कलावंतापेक्षा जास्त कुणाला असणार?

गंमत म्हणजे फेल्डनक्राइस स्वतः दिसायला काही व्यायामपटू नव्हते. उतारवयात चांगलेच जाडजूड होते आणि सिगारेटही ओढत. आदर्श दिनचर्येचा धडा त्यांच्याकडून घेण्यासारखा नाही. पण जमिनीवरून उठून उभं राहताना हा जाड माणूस लहान मुलासारखा सहज वर येई.

१९७७ मध्ये त्यांनी नोरा नावाच्या एका बाईची हकिकत पुस्तकरूपाने लिहिली. साठीच्या या बाईंना मेंदूत रक्तस्राव झाला होता. वाचता-लिहिता येईना, स्वतःची चप्पल नीट घालता येईना, खोलीचं दार सापडेना. फेल्डनक्राइसनी तिला अक्षरं गिरवायला दिली नाहीत. आधी उजवं आणि डावं म्हणजे काय, हे अंगाला नव्याने शिकवलं. पाठीवर झोपून, मग कुशीवर, मग पालथं, प्रत्येक वेळी उजवी बाजू कुठली ते पुन्हा शोधायचं. त्यांचं म्हणणं होतं की वाचणं हे डोळ्यांचं काम वाटलं तरी ज्या शरीराला दिशा कळत नाही त्याचे डोळे ओळीवर टिकणार नाहीत. हळूहळू त्या बाईंना पुन्हा वाचता-लिहिता येऊ लागलं.

डोके, डोळे, खांदे : एक पाठ

आता तुमची ती खूण आठवा. त्यांच्या पद्धतीचा एक छोटा पाठ आपण करून बघू. ज्यांना मानेचा जुना आजार आहे, चक्कर येते किंवा नुकतीच इजा झाली आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. इतरांनीही दुखलं की लगेच कमी करायचं.

खुर्चीच्या पुढच्या भागात बसा, पावलं जमिनीवर. प्रथम डोकं आणि डोळे समोरच ठेवून फक्त खांदे थोडेसे उजवीकडे वळवा आणि परत आणा. उजवा खांदा मागे जाईल, डावा पुढे येईल. असं आठ-दहा वेळा, झोक्यासारखं. श्वास अडवू नका. विचित्र वाटेल, कारण नेहमी डोकं आधी जातं आणि आज ते थांबलंय. थोडं विसावा घ्या. विसावा हाही पाठाचाच भाग आहे बरं का, ते आळशीपणाचं लक्षण नाही.

मग डोकं आणि खांदे एकत्र उजवीकडे वळवा, पण डोळे मात्र त्याच वेळी डावीकडे न्या. पहिल्या दोन-तीन वेळा गोंधळ उडेल, वर्गात तर हशाच पिकतो. हळू करा. डोळे उड्या मारत जातात की सरळ सरकत जातात, तेही बघा. विसावा घ्या. आता उलट, खांदे उजवीकडे जाताना डोकं डावीकडे न्या, चार-सहा वेळाच. आणि शेवटी सगळं विसरून नेहमीसारखं उजवीकडे वळून बघा. पहिली खूण कुठे राहिली आणि नजर आता कुठे पोचली?

बहुतेकांची नजर खुणेच्या पुढे जाते. स्नायू काही पाच मिनिटांत लांब झालेले नसतात. डोळे, डोकं, खांदे यांची घट्ट बांधलेली गाठ आपण सुटी सुटी करून पाहिली, त्यामुळे मेंदूला एकाऐवजी चार वाटा सापडल्या. ज्यांची नजर पुढे गेली नाही त्यांनी नाराज होऊ नका, तुम्ही बहुधा जोर लावला असेल.

डावी बाजू? फेल्डनक्राइस पुष्कळदा दुसरी बाजू प्रत्यक्ष करायलाच सांगत नसत. डोळे मिटून हीच सगळी हालचाल डावीकडे फक्त मनात करायची, आणि मग एकदाच वळून बघायचं. हे मात्र तुम्ही घरी करून बघा आणि उद्या मला सांगा.

या पद्धतीबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तिचे चाहते कधी कधी ती सगळ्या दुखण्यांवरचा इलाज असल्यासारखं बोलतात. तसं नाही. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने अनेक नैसर्गिक उपचारांचा आढावा घेतला, त्यात ही पद्धतही होती आणि ती परिणामकारक असल्याचा स्पष्ट पुरावा त्यांना मिळाला नाही. काही लहान अभ्यासांत तोल आणि सहजता सुधारल्याचं दिसतं, पण मोठे, पक्के अभ्यास कमी आहेत. स्वतः फेल्डनक्राइस आपल्या कामाला उपचार न म्हणता पाठ म्हणत आणि येणाऱ्याला रुग्ण न म्हणता विद्यार्थी. शिकण्याची एक रीत म्हणून त्याकडे पाहिलं तर त्यातून घेण्यासारखं खूप आहे, असं माझं मत.

अखेरची वर्षं

बराच काळ त्यांनी कोणाला आपली विद्या पूर्णपणे शिकवली नव्हती. १९६९ ते १९७१ या काळात तेल अवीवमध्ये पहिल्या तेरा जणांना त्यांनी शिक्षक म्हणून तयार केलं. मग अमेरिकेतून बोलावणं आलं. सॅन फ्रान्सिस्कोला १९७५ पासून साठेक जणांचा वर्ग, आणि १९८० मध्ये अॅमहर्स्ट येथे तर २०० हून अधिक विद्यार्थी. पंचाहत्तरी उलटलेले गुरुजी एवढ्या मोठ्या सभागृहात तासन्‌तास बोलत. मध्येच विनोद, मध्येच रागावणं, विषय सोडून भलतीकडे जाणं आणि मग अचानक एखाद्याला टेबलावर झोपवून मानेखाली हात घालणं असं ते शिकवणं होतं. तो अभ्यासक्रम पूर्ण होण्याआधीच, १९८१ मध्ये, ते आजारी पडले. उरलेला भाग त्यांच्या आधीच्या शिष्यांनी पूर्ण केला. १ जुलै १९८४ रोजी तेल अवीवमध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा ते ऐंशी वर्षांचे होते.

अलेक्झांडर यानाई रस्त्यावरच्या वर्गांच्या त्या टेप नंतर हिब्रूतून उतरवून घेतल्या गेल्या, इंग्रजीत आल्या, आणि आज अनेक देशांतले शिक्षक त्यांवरून पाठ घेतात. अशा पाठाच्या शेवटी टाळ्या नसतात की शाबासकी नसते. सगळ्यांना कुशीवर वळून हळूच उठायला सांगतात. मग खोलीत थोडं चालायचं, चालता चालता आजूबाजूला बघायचं, आणि डोकं खांद्यांवर आता कसं बसलंय ते ज्याचं त्याने तपासायचं.